अधूनमधून

मोडलेल्या वस्तूचा मला राग येत नाही. फुटलेली कपबशी, तुटलेली चप्पल, जळालेला दिवा ही सारी सरळ स्वभावाची मंडळी. 'आता आमच्याने होत नाही,' असे ती स्वच्छ सांगतात आणि आपणही त्यांची वाट लावून मोकळे होतो. खरा छळ करते ती अधूनमधून बिघडणारी वस्तू. ती धड आजारी नसते आणि धड बरीही नसते. दवाखान्याची पायरी चढताच ज्याचा खोकला थांबतो अशा मुलाच्या आईला विचारा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आमच्या घरच्या संगणकाला गेल्या उन्हाळ्यात हेच दुखणे जडले. हा संगणक दुकानातून तयार आणलेला नव्हे. चिरंजीवांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार फेऱ्या घालून त्याचा एकेक भाग जमवला आणि बाहेरच्या खोलीत चादर अंथरून तो जुळवला. त्या दिवशी घरात कार्य असल्यासारखा थाट होता. तो बिघडला तेव्हा मात्र "तरी मी म्हणत होते, तयारच घ्या," हे वाक्य स्वयंपाकघरातून ठरल्या वेळी आले.

बिघाड असा की, काम चालू असताना हार्ड डिस्क एकाएकी नाहीशी होई. पडद्यावर फायलींची नावे दिसत. उघडायला जावे तो 'अशी डिस्कच नाही' असा जबाब! बंद करून पुन्हा लावावा, तर बाईसाहेब जागच्या जागी हजर. कधी दिवसातून दोनदा, कधी आठ-आठ दिवस नाही.

एरवी मी हसून सोडले असते. पण त्या डिस्कवर आईच्या ओव्या होत्या. 2014 साली, दुपारी तांदूळ निवडत बसली असता, तिने म्हणून दाखवलेल्या. 2017 साली ती गेली. ज्या फोनवर तो आवाज टिपला तोही पुढे निकालात निघाला. ओव्यांचे शब्द माझ्या वहीत आहेत; पण मधेच थांबून "पुढचं काय गं बाई..." असे ती स्वतःलाच विचारते, ते वहीत कसे उतरणार?

"बाबा, आधी प्रत, मग तपास," चिरंजीव म्हणाले. आजारी डिस्कची चिकित्सा करण्यापूर्वी तिच्यावरचे सारे दुसरीकडे उतरवून घ्यावे, हा या शास्त्रातला पहिला नियम. तीन रात्री आम्ही थोडे थोडे उतरवत होतो. दोनदा डिस्क मधेच पसार झाली. तिसऱ्या रात्री शेवटची ओवी पलीकडे पोचली आणि सौभाग्यवतींनी न मागता चहा केला.

मग दुरुस्तीवाला आला. त्याने पेटीची बाजूची फळी काढली, दोन तास संगणक चालवला. डिस्क शहाण्या मुलासारखी वागली. चार दिवसांनी पुन्हा बोलावले, पुन्हा तेच. "डिस्क बदलून टाका," असे सांगून तो पैसे घेऊन गेला. चिरंजीवांना हे लागले. "बाबा, तिचा गुन्हा तरी शाबीत होऊ दे!"

इथे मला एक नवल कळले. 1956 साली आयबीएमने पहिली डिस्क बाजारात आणली तेव्हा तीत 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि एवढ्या बोजड कपाटात मावत होती जेमतेम 50 लाख अक्षरे. आजची डिस्क तळहातावर राहते, मिनिटाला 7200 फेरे घेते आणि वर स्वतःची रोजनिशीही लिहिते! या रोजनिशीला 'स्मार्ट' म्हणतात. साधा प्रोग्रॅम घेऊन ती कोणालाही वाचता येते. तिच्यातील 5 आणि 197 या कलमांत तबकडीवरील खराब व संशयित जागांची गणती असते. आमची दोन्ही कलमे शून्य होती. 199 व्या कलमात डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर माहिती किती वेळा बिघडली ते असते; केबल सदोष असली की हा आकडा चढतो. तोही हलत नव्हता. तरी खातरजमा म्हणून केबल बदलली. गुण आला नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचे, असा चिरंजीवांचा दंडक. सगळे एकदम बदलणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे. साप मेला तरी कुठल्या काठीने मेला ते कळत नाही. म्हणून मी वही घातली. संगणक केव्हा लावला, केव्हा बंद केला, डिस्क केव्हा गेली. एका रविवारी ताळा जमेना. वहीप्रमाणे संगणक दोनदा लावला होता. रोजनिशीच्या 12 व्या कलमाप्रमाणे डिस्कला वीज पाच वेळा मिळाली होती. 192 वे कलमही वाढले होते. वीज अवचित गेली की फिरत्या तबकडीच्या उरल्या वेगातून शक्ती घेऊन डिस्क आपली वाचनाची सुई सुरक्षित जागी ओढून घेते. त्याची ही नोंद.

म्हणजे डिस्क पळून जात नव्हती. तिला कोणी उपाशी ठेवत होते! वीज पोचवणारा एक स्वस्त जोड होता, एका तारेच्या दोन करणारा. त्यातली एक पिन सैल होती. फळी लावली की तारांवर दाब येई आणि पिन सरके. फळी काढली की दाब जाई, जोड नीट बसे. दुरुस्तीवाल्यापुढे डिस्क शहाणी का होई, ते आता उलगडले. तपासण्यासाठी तो जे पहिले काम करी, त्यानेच रोग बरा होत होता! पडताळा म्हणून दहा दिवस फळी काढून ठेवली. एकदाही तक्रार नाही. लावली, तो दुसऱ्याच दिवशी डिस्क गुप्त. जोड काढून टाकला, वीजपुरवठ्याची सरळ तार लावली आणि फळी बसवली. त्याला आता तीन महिने झाले. वहीत पुढची पाने कोरी आहेत.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. काही दिवशी असे उत्तर देतो की वाटावे, याने एम. ए. करावे, काही दिवशी नाव विचारले तरी दचकतो. 'लहरी आहे,' असा शेरा आम्हा प्राध्यापकांच्या खोलीत त्याच्या नावे कधीच पडलेला. परवा हजेरीपत्रक चाळता चाळता मी त्याचे वाईट दिवस सहज टिपले. सगळे बुधवार आणि शनिवार निघाले. विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "सर, आदल्या रात्री गोदामात पाळी असते."