विंचवाचे बिऱ्हाड

नात्यागोत्यात कोणी जुने घर घ्यायचे काढले, की आमच्या अण्णांना बोलावणे येई. घरमालक दिवाणखान्याचे गुणगान करीत असे, तेव्हा अण्णा मुकाट्याने मोरीच्या भिंतीपाशी जात आणि तुळईच्या टोकात अंगठा रोवून पाहत. यंदाच्या सुटीत अमेरिकेतील ओहायो राज्यात एका मोटारीच्या भिंतीत अंगठा रोवताना मला त्यांची फार आठवण झाली.

मोटारीला भिंत कुठली, असे आपण विचाराल. पण मोटारहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर चढवलेले बिऱ्हाडच. शेगडी, न्हाणीघर, पलंग, सारे त्यात. माझा दादा नोकरीतून निवृत्त झाला आणि स्टाइनबेकने १९६० साली केलेल्या अमेरिकाप्रवासाचे पुस्तक वाचून त्याच्या डोक्यात वारे शिरले. राहते घर विकायचे आणि चार वर्षे देशभर हिंडायचे! स्टाइनबेकची गाडी नवी, मागणीबरहुकूम बांधून घेतलेली होती, ही गोष्ट मात्र तो सोयीस्करपणे विसरला. त्याच्या खिशाला जुनीच परवडणार होती.

वहिनी एवढेच म्हणाली, "हिंडायला माझी ना नाही. पण गळक्या घरात मी पुन्हा राहायची नाही." तिचे माहेर चिपळूणचे. आढ्याखाली भांडी मांडण्यात तिचे बालपणीचे पावसाळे गेलेले. शिवाय घर विकल्यावर परतायला ओसरीसुद्धा उरणार नव्हती.

आम्हां दोघा भावांचा समज असा, की मोटारीत पाहायचे ते एंजिन. पण ट्रकचे एंजिन दुरुस्त करणारा कुठल्याही गावात भेटतो. कुजलेली भिंत दुरुस्त करायची, तर गाडीच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो. पुष्कळ गाड्यांची भिंत म्हणजे फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्यामागे प्लायवूड आणि मध्ये फोम, सारे डिंकाने चिकटवलेले. छपराच्या सांध्यावरचा लेप दरवर्षी तपासावा लागतो. तो तडकला, की पाणी आत झिरपते, प्लायवूड कुजते, डिंक सुटतो आणि पत्रा पापडासारखा फुगतो. समोरून पाहिले तर काही दिसत नाही. बॅटरीचा झोत भिंतीला चाटून तिरपा टाकला, की फुगवटे उमटतात. चालकाच्या डोक्यावर जिथे पलंग असतो, तिथले कोपरे तर हटकून पाहावेत.

पहिल्या गाडीत शिरताच अत्तराचा घमघमाट आला. दादा खूश झाला. वहिनी दारातच थबकली. "एवढा सुवास कशाला लागतो हो?" म्हणत तिने पलंगाखालचे कपाट उघडले आणि नाकाला पदर लावला. ओलीचा वास चिपळूणकरणीपासून कोण लपवणार! त्या गाडीचे टायर नव्यासारखे दिसत होते. पण कडेवरचे चार आकडे होते २३१४. म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला जन्म! ही वाहने वर्षातले बरेच महिने उभीच असतात. त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

दुसरी गाडी ऐटदार होती. बटण दाबले, की बैठकीची अख्खी भिंत बाहेर सरके. दादा ते बटण पाच वेळा दाबून आला. मी मात्र आतल्या पट्टीवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचली आणि कागदावर वजाबाकी मांडली. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. मग आम्ही माणसे, भांडीकुंडी, दादाची पुस्तके. वजाबाकीच्या शेवटी वहिनीचा मिक्सर तरी राहील की नाही, अशी शंका आली. मराठीच्या प्राध्यापकाचे गणित म्हणून दादाने ते पुन्हा करून पाहिले. दुर्दैवाने ते बरोबर होते.

तिसरी गाडी दिसायला अगदीच गबाळी. गालिचा विटलेला, पडदे तपकिरी. पण तिचे कवच साच्यातून काढलेल्या फायबरग्लासच्या मोजक्या तुकड्यांचे होते. सांधे कमी, म्हणून पाण्याला वाटाही कमी. मालक एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी एक वही पुढे केली. छपराचा लेप कधी लावला, तेल कधी बदलले, सारे तारीखवार. जनित्र नुसते पडून राहिले की बिघडते, म्हणून ते दरमहा भार देऊन चालवल्याचीही नोंद. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या आठवून मला हेवा वाटला. शीतकपाट बंद पडले आहे, हेही त्यांनी आपणहून सांगितले.

दादाने त्यांची परवानगी घेऊन बागेतली पाण्याची नळी छपरावर सोडली. मी आणि वहिनी खिडक्या लावून आत बसलो. अर्धा तास छपरावर पाऊस वाजत होता. वहिनी कोणाशी बोलत नव्हती. डोळे मिटून ती नुसते ऐकत होती. तिथे पत्र्यावरचा पाऊस तिला कुठल्या गावाला घेऊन गेला, ते मी विचारले नाही. मग ती उठली. पलंगावर चढून तिने एकेका कोपऱ्यावरून तळवा फिरवला, कपाटांच्या आत हात घातला, खिडकीच्या कडा चाचपल्या. तळवा गालाला लावून पाहिला.

"कोरडं आहे," ती म्हणाली. "भावजी, ह्यांना सांगा, नळ बंद करा. आणि हे तपकिरी पडदे मात्र मी आजच उतरवणार!"