उरलेली मिनिटे

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील एका मराठी घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, साडेतीन इंची फ्लॉपी सापडली. तिच्यावर तिरप्या अक्षरात ‘प्रिन्स’ एवढेच लिहिलेले होते. ज्याचे ते अक्षर, तो धाकटा भाऊ २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. फ्लॉपी हाती आली ती थोरल्या बहिणीच्या. शेजारी भावाचा अकरा वर्षांचा मुलगा उभा होता. त्याने असली चकती कधी पाहिली नव्हती.

एस. पी. रोडवरील जुन्या संगणक-सामानाच्या एका दुकानात, बाहेरून जोडायचा फ्लॉपी-ड्राइव्ह मिळाला. चकती वाचली गेली. खेळ मात्र सुरू होईना. डॉससाठी रचलेला सोळा-बिटी खेळ चौसष्ट-बिटी विंडोजला चालवता येत नाही. अशा वेळी यंत्र बिघडलेले नसते, खेळही नासलेला नसतो; दोहोंमधला दुभाष्या तेवढा निघून गेलेला असतो. मोडी दफ्तर समोर उघडे असावे आणि वाचणाऱ्याला बालबोधच काय ती ठाऊक असावी, तशी ही अवस्था.

अशा खेळासाठी दोन वाटा असतात. तो नव्या यंत्राकरिता पुन्हा लिहून काढावा, किंवा नव्या यंत्रालाच जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावावे. २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ‘डॉसबॉक्स’ ही आज्ञावली दुसऱ्या वाटेने जाते. ती खेळातील एक अक्षरही बदलत नाही. जुना प्रोसेसर, जुने साउंड कार्ड, हवी तर जुनी संथ गतीदेखील, खेळाभोवती उभी करते. लिप्यंतरात पोथी वाचकाच्या काळात येते; येथे वाचकाला पोथीच्या काळात जाऊन बसावे लागते.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये प्रथम अ‍ॅपल टू या संगणकासाठी केला. राजपुत्राचे धावणे आणि उडी मारणे खरे वाटावे म्हणून त्यांनी आपल्या धाकट्या भावाचे चित्रण केले आणि त्या हालचाली एकेक करून पडद्यावर उतरवल्या. मूळ आज्ञावलीच्या हरवलेल्या चकत्या २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातच सापडल्या. म्हणजे पडद्यावर आजही धावतो तो कोणाचा तरी धाकटा भाऊच.

खेळाला साठ मिनिटांची मुदत आहे. राजपुत्र मेला की ती पातळी पुन्हा आरंभापासून खेळता येते. घड्याळ मात्र मागे जात नाही. अर्ध्यावर सोडलेला डाव जपून ठेवणारी फाइल अवघ्या ८ बाइटची असते. तीत पातळी, जीवशक्ती आणि उरलेला वेळ यांची नोंद असते. खेळणारा कोण, हे तीत नसते.

तीच फाइल उघडली. सातवी पातळी आली. तळाशी अक्षरे उमटली : तेवीस मिनिटे शिल्लक.

‘‘आत्या, ही बाबांची मिनिटं?’’ मुलाने विचारले.

तिने मान हलवली. तिचा हात पुढे झाला नाही. आता एक कळ दाबली, की इतकी वर्षे थांबलेला भावाचा वेळ संपू लागणार, असे तिला वाटले. खरे तर घड्याळ तोवर चालू झालेच होते.

‘‘मी खेळू?’’

‘‘खेळ,’’ ती म्हणाली.

मुलगा फार वेळ टिकला नाही. राजपुत्र दरीत कोसळला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा कोसळला. ‘‘उडीच्या आधी एक पाऊल मागं घ्यायचं. तुझा बाबा उडी मारताना श्वास धरायचा. जणू पडला तर स्वतःच पडणार आहे,’’ असे म्हणून ती हसली. भाऊ गेल्यापासून त्याच्याविषयी बोलताना ती हसल्याचे मुलाने पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी सगळी मिनिटे संपली. फाइल मात्र होती तशीच होती. नवा डाव जपून ठेवावा, असे कोणी सुचवले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मुलाने दप्तर खाली ठेवायच्या आधीच विचारले, ‘‘आत्या, तेवीस मिनिटं उघडूया?’’