खेळण्यातली मोटार आणि चाकणची माती

मैत्रिणींनो, कारखान्यांतून बोनस झाला की आमच्या पिंपरी-चिंचवडचं रूपच पालटतं. पिंपरी कॅम्पात शगुन चौकाच्या आसपास पाय ठेवायला जागा उरत नाही. आकाशकंदील, रांगोळ्या, तयार भाजणीच्या पिशव्या, आणि या सगळ्यांत मुलांना लांबूनही बरोबर दिसणारी खेळण्यांची दुकानं! हात धरून चाललेलं पोर तिथं पोहोचलं की खिळल्यासारखं उभं राहतं. वर्षभर शिफ्टमुळे पोराला वेळ देता आलेला नसतो. बोनसचे पैसे खिशात असतात. वडिलांचा हात आपोआप पाकिटाकडे जातो.

आमच्याकडेही गेल्या दिवाळीत असंच झालं. धाकट्यासाठी रिमोटवर चालणारी लाल मोटार आणली, चांगली नऊशे रुपयांची. नरकचतुर्दशीला ती घरभर पळाली, पाडव्याला भिंतीवर आपटली आणि भाऊबीजेला तिचं एक चाक दिवाणाखाली सापडलं. पोरगा दोन तास रडला आणि तिसऱ्या तासाला विसरला. मोटारीचं खोकं मात्र त्यानं कितीतरी महिने जपलं. त्यात बसून तो ‘बाबांच्या कंपनीत’ जात असे!

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी मी दोघांनाही विचारलं, “काय हवं रे दिवाळीला?” धाकट्यानं अर्थातच पुन्हा मोटार मागितली. तो साडेचार वर्षांचा आहे. थोरली सात वर्षांची. ती जरा विचार करून म्हणाली, “बाबांची फर्स्ट शिफ्ट.”

मी हसले खरी, पण पोळी तव्यावर करपली. फर्स्ट शिफ्ट असली की हे चार वाजता घरी असतात. सेकंडला मुलं झोपल्यावर येतात आणि थर्डला मुलं जागी असताना झोपलेले असतात. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतही निम्म्याअधिक मुलांच्या घरी हेच वेळापत्रक. बाबा काय करतात, असं विचारलं तर मुलं सांगतात, “कंपनीत जातात.” कंपनीत काय करतात, हे बहुतेकांना सांगता येत नाही. इथं रोज मोटारी तयार होतात, आणि आपण मुलांना दाखवतो प्लॅस्टिकच्या!

म्हणून यंदा ठरवलं, खेळणं नाही. एक दिवस द्यायचा. ह्यांची सुट्टी गुरुवारी असते. आमच्या भागातल्या बऱ्याच लहान कारखान्यांना गुरुवारचीच सुट्टी असते. दशम्या, बटाट्याची भाजी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही चौघं चाकणला निघालो. हे जरा कुरकुरले. “सुट्टीच्या दिवशीही चाकण? रोज तिथंच तर जातो.” मी म्हटलं, “तुम्ही जाता हो. आम्ही कुठं पाहिलंय?”

नाशिक फाट्यावरून भोसरी, भोसरीहून मोशी. मोशीच्या पुढे इंद्रायणी लागली. थोरलीनं शाळेत शिकल्याप्रमाणे हात जोडले आणि मग विचारलं, “आई, पाणी असं का दिसतं?” आपण मोठ्यांनी नदीचं काय केलं, ते एका वाक्यात सांगता आलं नाही मला. आळंदी फाटा गेला आणि रस्ता तुंबला. चाकणच्या रस्त्यावर गाडी अडकायला मुहूर्त लागत नाही! एरवी अशा वेळी मी वैतागते. त्या दिवशी मात्र तो खोळंबाच कामी आला.

शेजारीच एक लांबच लांब ट्रेलर उभा होता. त्यावर दोन मजल्यांत नव्या कोऱ्या मोटारी बांधलेल्या. धाकटा खिडकीला नाक लावून मोजू लागला. आठापर्यंत नीट, पुढे अंदाजानं! तेवढ्यात हे सहज म्हणाले, “त्या पांढरीच्या ब्रेकमध्ये एक लहानसा पार्ट असतो बघ, अंगठ्याएवढा. तो आमच्याकडे होतो.”

“तुम्ही करता?”

“मी तपासतो. बरोबर झालाय की नाही ते.”

“आणि चुकला तर?”

“तर ब्रेक लागणार नाही नीट. म्हणून तर तपासायचा.”

पोरगं गप्प बसलं. मग पुढे आलेल्या प्रत्येक मोटारीकडे बोट दाखवून विचारत राहिलं, “ह्यात आहे? ह्यात आहे?” ह्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते लगेच खिडकीबाहेर बघू लागले असते.

पूर्वी हा सारा भाग शेतांचा आणि लहान गावांचा होता. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, बजाज आणि टेल्को आले. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. पुढे कारखाने चाकणकडे सरकले. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मधला, फोक्सवॅगनचा २००९ मधला. आपण मोठी माणसं जागेचे भाव वाढले एवढंच त्यातलं लक्षात ठेवतो. मुलांना मात्र कारखान्याचं फाटक बाहेरून दाखवलं तरी गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं.

चाकण म्हटलं की कांदा-बटाट्याचा बाजार आणि कंपन्या, एवढंच आपल्याला आठवतं. पण गावात संग्रामदुर्ग आहे. भुईकोट किल्ला, म्हणजे डोंगरावरचा नव्हे, सपाटीवरचा. ह्यांची कंपनीची बस अकरा वर्षं चाकणला येते, पण किल्ल्यात यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. घरं आणि दुकानं इतकी जवळ आलीत की विचारत विचारतच जावं लागलं. आज तिथं काही बुरूज, तटाचा थोडा भाग आणि खंदकाच्या खुणा दिसतात. सिंहगडासारखी भव्यता शोधायला जाल तर हिरमोड होईल. पण लहान मुलांना हाच किल्ला बरा. चढण नाही, दमछाक नाही, आणि बुरुजाला हात लावता येतो.

बुरुजाच्या सावलीत दशम्या सोडल्या आणि ह्यांना म्हटलं, “आता गोष्ट तुम्ही सांगा.” सांगितली त्यांनी. १६६० साली शाहिस्तेखानानं एवढी मोठी फौज घेऊन या छोट्याशा किल्ल्याला वेढा घातला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर माणसं. महाराज त्या वेळी पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेले, त्यामुळे मदत येण्याची आशा थोडी. तरी ऐन पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने किल्ला लढला. शेवटी खानानं भुयार खणून सुरुंग लावला आणि बुरूज उडवला. मग किल्ला पडला. पण खानानं चाकरी देऊ केली तेव्हा फिरंगोजी बधला नाही, तो महाराजांकडेच परतला.

“म्हणजे हरले?” थोरलीनं विचारलं.

“किल्ला हरला. माणूस नाही हरला,” हे म्हणाले. आमच्याकडे एरवी दुधाचा हिशोब आणि लाइटबिल याखेरीज फारसं न बोलणारा माणूस हा!

निघताना धाकट्यानं किल्ल्यावरची माती मुठीत घेतली. ती मी परत ठेवायला लावली. अशा जागेवरून दगड-माती उचलायची नसते, हेही शिकवायलाच हवं. गावाबाहेर एका शेताच्या बांधावर कांद्याची रोपं लावणं चाललं होतं. तिथल्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, “न्या की! माती कुणी मागत न्हाई हल्ली, जिमीनच मागत्यात समदी.” दोन पिशव्या भरून दिल्या त्यांनी. परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, “काय ताई, गॅलरीत शेती करताय काय?” धाकटा ठसक्यात म्हणाला, “किल्ला करतोय. संग्रामदुर्ग.”

आता बाजारात तयार किल्लाही मिळतो. पांढऱ्या प्लॅस्टरचा, वर रंग मारलेला. आणला की झालं काम. पण मैत्रिणींनो, मग मुलांनी करायचं काय? आमच्या इमारतीच्या खाली पार्किंगच्या कोपऱ्यात विटा, पोतं आणि ती माती यांचा किल्ला तीन दिवस चालला. शेजारची मुलं आली. त्यांच्यातली दोन बिहारची, एक कर्नाटकातलं. फिरंगोजीची गोष्ट थोरलीनं सर्वांना हिंदीत सांगितली, अगदी बाबांच्या आवाजात! वरून अळीव पेरले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवळ फुटली तेव्हा आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरचे आजोबाही खाली आले. लाल मोटारीची आठवण कुणाला झाली नाही.

हे शहाणपण आपल्या गावाला नवं नाही बरं का. मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवणारे अरविंद गुप्ता एके काळी इथल्याच टेल्कोत इंजिनिअर होते. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या एवढ्यावर त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तयार वस्तू हातात देण्यापेक्षा करायला काहीतरी द्यावं, हे त्यांच्या कामातून दिसतं.

तुमच्याही घरी भाचरं-पुतणी येणार असतील. म्हणून मला सुचलेल्या काही भेटी इथं देते.

दोन ते चार वर्षांच्या मुलांना घरातलं खरंखुरं काम फार आवडतं. लहान पोळपाट-लाटणं, छोटी झारी, हातात मावेल असा केरसुणीचा लहान अवतार द्या. करंज्या करताना त्यांची एक करंजी त्यांच्या हातची होऊ द्या. तिचा आकार बघू नका!

चार ते सहा वर्षांच्या मुलांना एका पसरट कुंडीत मेथी किंवा अळीव पेरायला द्या. उगवतं लवकर, त्यामुळे त्यांचा धीर सुटत नाही. पुठ्ठ्यावर मोजपट्टी काढून रोज किती वाढलं ते लिहायला लावा. बॅटरीही छान भेट आहे. मात्र नाण्यासारख्या चपट्या सेलची घेऊ नका. असा सेल मुलानं गिळला तर जिवावर बेततं. मोठ्या सेलची, स्क्रूनं झाकण बसणारी बघा.

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना भिंग द्या, पण ते उन्हात ठेवायचं नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. मासिकाची वर्गणी भरा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. ते थोड्या मोठ्या मुलांचं आहे, पण शेजारी बसून वाचून दाखवलंत तर लहानांनाही गोडी लागते. दर महिन्याला आपल्या नावाचं टपाल येतं, याचं मुलांना किती अप्रूप वाटतं म्हणून सांगू!

आणि सर्वांना चालेल अशी भेट म्हणजे सहल. चिंचवडला महापालिकेचं सायन्स पार्क आहे. पिंपरीहून मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरपासून थेट स्वारगेटपर्यंत जाते, आधी उंचावरून आणि मग जमिनीखालून. मुलांच्या दृष्टीनं हे जत्रेतल्या पाळण्याहून कमी नाही. चिंचवडगावात पवनेच्या काठी मोरया गोसावींचं मंदिर आहे, गावातच चाफेकर बंधूंचा वाडा आहे. जवळ देहू-आळंदी आहेत. मात्र एका दिवसात एकच जागा. तीन ठिकाणं पदरात पाडायला गेलात तर रडारडच पदरात पडेल, हा माझा अनुभव!

भेट हातात तर द्यायला हवी ना, असं विचाराल. सहलीची चिठ्ठी करा. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला लिहा, ‘ही चिठ्ठी दाखवणाऱ्यास बाबांबरोबर एक दुपार.’ खाली बाबांची सही घ्या. सही झाली की ते टाळत नाहीत. कारखान्यात सहीची सवय असते त्यांना!

एक प्रामाणिकपणे सांगते. धाकट्यानं भाऊबीजेला मामाकडून मोटार मिळवलीच. मामाला मी कळवायला विसरले होते. मी म्हटलं, झालं, संपला किल्ला! पण त्यानं मोटार उलटी केली, चाकं फिरवून पाहिली आणि ती घेऊन ह्यांच्याकडे गेला.

“बाबा, ह्यात तुमचा पार्ट नाहीये. तपासून द्या.”

ह्यांची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. निघायला दहा मिनिटं उरली होती. डबा हातात, बूट पायात. तरी हे खाली बसले, चष्मा लावला आणि चारही चाकं एकेक करून तपासली. मग मोटारीच्या खाली पेन्सिलीनं बरोबरची खूण केली.

ती खूण अजून आहे. मोटार केव्हाच बंद पडली, पण यंदा ती दिवाणाखाली गेलेली नाही. संग्रामदुर्गाच्या दरवाजाशी उभी आहे.