कोवळे आणि रसाळ

मुक्काम सुदुंबरे, ता. मावळ

चि. सुमतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. कोवळ्या व रसभरित जिनसेसाठी मराठीत एकच शब्द कोणता आणि त्याची व्युत्पत्ती काय, ही तुझी पृच्छा. माझा खुलासा असा की, आपल्या भाषेने हे दोन गुण एका शब्दात न कोंबता निरनिराळे राखले, आणि ते योग्यच केले.

‘कोवळा’ हा ‘कोमला’चा वंशज. दोन स्वरांमधला मकार प्राकृतांतून उतरताना वकार होतो. ज्या वाटेने आमलकाचा आवळा आणि ग्रामाचे गाव झाले, तीच ही वाट. ‘रसाळ’चे मूळ ‘रसाल’. संस्कृतात त्याने आंबा आणि ऊस या दोहोंचा बोध होतो. ‘रसरशीत’ व ‘लुसलुशीत’ ही मात्र मराठीची स्वतःची द्विरुक्त घडण. पुढे ईकार येताच, म्हैस-म्हशीप्रमाणे, सकाराचा शकार होतो. लुसलुशीत म्हणवून घ्यायला रस असावाच लागतो असे नाही. गवत लुसलुशीत असते, पुरणपोळीही असते.

बाजारात बायका भेंडीचे टोक मोडून पाहतात. कटकन तुटले तर कोवळी, नुसते वाकले तर जून. पण तिला रसाळ कोणी म्हणत नाही. आंबा रसाळ होतो तो पिकल्यावर, म्हणजे कोवळेपण सरल्यावर. पावसाळी काकडी मात्र बी धरण्याआधी खुडली, तर दाताखाली कोवळी आणि जिभेवर रसाळ लागते.

या जोडीचा श्रेष्ठ दाखला शके 1212 च्या ज्ञानेश्वरीत आहे. सहाव्या अध्यायाच्या आरंभी, आपल्या मराठी बोलाचे गुण सांगताना, ज्ञानदेव आधी त्याची कोवळीक वर्णितात आणि लागलीच पुढल्या ओवीत रसाळपण. त्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतात, अशी त्यांची अलौकिक कल्पना. पुढे तुकोबांनी फळांना रसाळ म्हटले. त्यांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आमच्या या गावी आहे, आणि तेथे कीर्तन ऐकून उठलेला शेतकरी बुवांच्या वाणीला जे विशेषण लावतो, तेच घरी फणसाच्या गऱ्याला लावतो.

तेव्हा एका शब्दाचा आग्रह सोड. जिन्नस हाती घे, चाखून पाहा, आणि जो गुण प्रत्ययास येईल त्याचेच नाव लिही; दोन्ही आढळले तर दोन्ही शब्द खुशाल शेजारी ठेव, ज्ञानदेवांनीही तेच केले आहे.

तुझा,
मामा