विषय घेण्याआधी घाट बघून ये

चि. सोनूस,



नेट पास झालीस, जेआरएफ शिष्यवृत्तीही मिळाली, फार बरं वाटलं. पण दख्खनच्या बेसाल्टवर पीएचडी करायला तू बिचकतेस, कारण "तिथे आता करण्यासारखं काही उरलेलं नाही" असं तुला कुणीतरी सांगितलंय. हे मला मुळीच पटलेलं नाही, म्हणून हे पत्र.

2019 च्या फेब्रुवारीत 'सायन्स'मध्ये आपल्या सह्याद्रीवर एकदमच दोन शोधनिबंध आले. ते शेजारी शेजारी ठेवून वाच. प्रिन्स्टनच्या गटाने लाव्ह्याच्या थरांमधल्या मातीतून झिरकॉनचे कण वेचले आणि युरेनियम-शिशाच्या पद्धतीने वय काढलं. बर्कलीच्या गटाने बेसाल्टमधलं प्लॅजिओक्लेज घेतलं आणि आर्गॉनची पद्धत वापरली. डोंगर तेच, काळही 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचाच. तरी पहिल्या गटाला लाव्हा चार मोठ्या उमाळ्यांत आलेला दिसला आणि त्यातला एक उमाळा डायनासोर नष्ट होण्याच्या थोडाच आधीचा निघाला. दुसऱ्या गटाच्या मते तो बराचसा सलग वाहत होता, आणि त्यातला मोठा हिस्सा त्या संहारानंतरचा. संहाराची रेघ घाटात कुठल्या थरापाशी ओढायची, यावरच दोघांचं एकमत नाही. आता सांग, काम संपलंय का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: गाइड, उपकरण, परदेशातली लॅब हे सगळं नंतर. आधी खडकासमोर उभी राहा आणि तुला स्वतःला पडलेला प्रश्न घेऊन ये.

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट घे. बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही फॉर्मेशन्स तिथे खालून वर एकावर एक आहेत. रस्त्याच्या कापात एका थराचा माथा शोध: बुडबुड्यांच्या पोकळ्या असतील, काहींत झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरलेले. त्यावर गेरूसारखा लाल पट्टा, आपण ज्याला रेड बोल म्हणतो तो, आणि त्याच्यावर पुढच्या लाव्ह्याचा घट्ट काळा तळ. त्या वीतभर लाल पट्ट्यात किती काळ गेला? शंभर वर्षं की दहा हजार? अख्ख्या दख्खनचा लाव्हा किती वेगाने साचला ते या उत्तरावर ठरतं आणि दर पट्ट्याचं उत्तर वेगळं असू शकतं. या एका प्रश्नावर एकटीने पाच वर्षं घालवली तरी ती कारणी लागतील.

सॅम्पल घेताना वरची कुजलेली साल फोडून आतला ताजा काळा दगडच घे. पुराचुंबकत्वासाठी घेत असशील तर तो जागेवरून हलवण्याआधी त्याच्यावर उत्तर दिशा खुणेने नोंदव. एकदा सुटला की ती माहिती कुठल्याच यंत्रातून परत मिळत नाही. वही पेन्सिलीनेच लिही, कोकणातल्या पावसात शाई टिकत नाही. थराच्या संपर्काचं चित्र हाताने काढ, फोटो असला तरी. हाताने काढताना जे दिसतं ते फोटो काढताना निसटतं, असा माझा ठाम अनुभव आहे. आणि फील्डवर एकटी जायचं नाही, यावर वाद नको.

पैशांचं स्पष्ट सांगते. 2023 पासून जेआरएफ महिना 37,000 रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ झालीस की 42,000, घरभाडं वेगळं. पण ते दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरू नकोस. पहिल्या वर्षी चार महिन्यांचा खर्च बाजूला काढ. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीला किमान 3 आणि कमाल 6 वर्षं आहेत. आपल्याकडे पाऊस फील्डचे चार महिने खातो आणि बाहेरच्या लॅबमध्ये नंबर लागायला वेळ जातो. तीन वर्षांत आटपेल असं आईला सांगून बसू नकोस.

नाव नोंदवण्याआधी त्या गाइडच्या दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांना एकेकटं गाठ. सॅम्पलचा डेटा कुणाच्या नावावर जातो, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं आणि आजारपणात, लग्नात, बाळंतपणात रजा मिळते का, हे सरळ विचार. दिवाळीनंतर मी मोकळी आहे. घाटात दोघी जाऊ. तोवर त्या दोन निबंधांतलं तुला न पटलेलं एकेक विधान मला लिहून पाठव.

तुझी,
मावशी