जावई पळाले!

बँकेतल्या कारकुनाला धावायचं काय काम? माणसंच त्याच्याकडे चालत येतात, रांग लावतात आणि वर "साहेब, जरा बघता का?" म्हणतात. बावीस वर्षं मी खुर्चीत बसून पगार घेतला. वाणिज्य शाखेत आम्हांला घसारा शिकवला होता. यंत्र दरवर्षी झिजतं, त्याची किंमत कमी करत न्यावी. माणसाचा हिशेब निराळा. तो आतून झिजतो आणि बाहेरून वाढतो.

असा मी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, जानेवारीतल्या मुंबईच्या मॅरेथॉनला नाव घालून बसलो. अंतर बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंचाण्णव मीटर. बेचाळीसचं मला काही वाटलं नाही, कारण ते कल्पनेपलीकडचं होतं. त्या वरच्या चिल्लरीनं मात्र झोप उडाली. शोध घेतला तेव्हा कळलं, की १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. १९२१ साली तेच कायम झालं. कागदावर एकदा चढलेला आकडा खोडायची हिंमत कुणालाच होत नाही, हे बँकवाल्याला कशाला सांगायला हवं?

जळगावात पळायचं म्हणजे मेहरूण तलाव, आणि तेही पहाटे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. इथला सूर्य उशिरा उठणाऱ्याची गय करत नाही. पहिल्या दिवशी मी एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळालो, आणि तिसऱ्याला धरून उभा राहिलो.

जाणकार म्हणतात, आठवड्याचं अंतर एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये. दहा टक्के! दर आठवड्याला! तेही चक्रवाढ! असं व्याज द्यायचं म्हटलं तर आमची बँक महिन्याभरात बसेल. दहा किलोमीटरपासून सुरुवात केली तर पंधरा आठवड्यांनी होतात ४१.७७. मॅरेथॉनला फक्त ४२३ मीटर कमी! पण ही झाली सात दिवसांची एकूण जमा. शर्यतीत ती सगळी एका सकाळीच काढायची असते. म्हणून रविवारी एक लांबची दौड मारायची, आणि सोमवारी काउंटरवर बसल्याबसल्या उठायचं कसं, याचा विचार करायचा.

तीसेक किलोमीटरनंतर म्हणे अंगात साठवलेली साखर संपत येते. पळणारे तिला 'भिंत' म्हणतात. आम्ही 'खात्यात पुरेशी शिल्लक नाही' म्हणतो. त्यावर उपाय म्हणून वाटेत केळी देतात. इथे जळगावकराची मान ताठ होते. २०१६ साली आमच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, भरिताच्या वांग्यालाही मिळालं. वाटेत भरीत-पुरी देणारी शर्यत अजून कुणी काढली नाही, नाहीतर मी थांबलो तरी असतो किंवा जिंकलो तरी!

बुटांची किंमत ऐकून तर मला दुकानातच घाम फुटला. १९१९ साली पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळाली. त्यांची चमक पाहून दोराबजी टाटांना हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवावासा वाटला. पुढच्याच वर्षी अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, तीन तासांच्या आत! तेवढ्या वेळात मी पाळधीला जाऊन परत येतो, तेही परतीला एसटी मिळाली तर.

दिवाळीत सासुरवाडीला धुळ्याला गेलो. रविवारची दौड बुडवायची नव्हती. कुणाची झोपमोड नको म्हणून पहाटे साडेचारला हळूच कडी काढली आणि लळिंगच्या दिशेनं निघालो. समोरच्या काकू सडा घालत होत्या. मी वळणापलीकडे जातो न जातो तोच त्यांनी सासऱ्यांच्या दारावर थाप मारली,

"जिभाऊ, ऊठा! तुमना जवाई पयी गया!"

मराठीत काय, अहिराणीत काय, जावई पळाला याचा अर्थ एकच. लळिंगचा किल्ला पाहून घामानं निथळत परत आलो, तर ओट्यावर निम्मी गल्ली जमलेली. मेहुणा स्टँडवर जाऊन आला होता. सासूबाईंचा पदर डोळ्यांला. आमची ही आत निवांत चहा पीत होती. तिला ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही.

जिभाऊंनी गंभीरपणे विचारलं, "पाहुणे, आमच्याकडून काही कमी पडलं का?"

"चार किलोमीटर," मी म्हणालो. बावीस ठरवले होते, अठराच झाले होते.

रात्री जेवणानंतर ओट्यावर आम्ही दोघंच होतो. "हे सगळं कशापायी?" त्यांनी विचारलं. एरवी मी याचं काहीतरी विनोदी उत्तर देतो. त्या दिवशी सुचलं नाही. म्हटलं, आमचे अण्णा कचेरीत खुर्चीवर बसल्याबसल्या गेले. समोर खतावणी उघडी होती. त्यांना अठ्ठेचाळिसावं लागलं होतं. मला जानेवारीत लागतं.

जिभाऊ काहीच बोलले नाहीत. सुपारी कातरत राहिले.

एक दिवस मध्ये गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे कडी काढायला गेलो, तर दार उघडंच. चौऱ्याहत्तर वर्षांचे जिभाऊ कानटोपी घालून सायकलला टेकून उभे होते. हँडलला केळ्यांची पिशवी, हातात बॅटरी.

"व्हा पुढे," म्हणाले. "मी मागून येतो."

आणि काकूंच्या दारापाशी आल्यावर त्यांनी मुद्दाम दोनदा घंटी वाजवली.