बैलाच्या कष्टाचं नाही

साताऱ्याच्या मोती चौकातून आदल्या संध्याकाळीच कंदी पेढे घेऊन ठेवले होते. ऋषिपंचमीला पहाटेच्या एसटीने निघालो आणि कराडला गाडी बदलली. कृष्णा गढूळ, दुथडी भरून वाहत होती. कुंडल, पलूस मागे पडेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मधूनच हळदीचं हिरवंगार रान. तासगाव जवळ आलं तशा द्राक्षबागा लागल्या. ऑक्टोबर छाटणी अजून लांब, त्यामुळे मांडव पानांनी गच्च भरलेले.

तासगावला मी आलो होतो गणपतीच्या रथासाठी. पण मावशीने दारातच पेढे घेतले आणि मला स्वयंपाकघरात बसवलं. परातीत अळूची पानं नि देठ, लाल भोपळा, सुरण, दोडका, माठ, चवळीच्या शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे, भुईमुगाचे ओले दाणे. ऋषीची भाजी.

"सगळं परड्यातलं आहे, कुदळीनं खणून लावलेलं," मावशी म्हणाली. "आज बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं बघ."

अळूचे देठ सोलताना बोटं खाजायला लागली, तशी तिने चिंचेचा गोळा हातावर चोळायला दिला. तीच चिंच मग भाजीत गेली. मसाला नाही, फोडणी नाही. हिरवी मिरची, मीठ, वरून ओलं खोबरं. मोठ्या पातेल्यात सगळं एकत्र रटरटत होतं आणि तरी प्रत्येक भाजीची चव वेगळी लागत होती. सोबत वरीचा भात. इतकं साधं आणि इतकं भरलेलं जेवण सणासुदीच्या ताटात मी दुसरं पाहिलेलं नाही.

भाजी शिजेपर्यंत मावशीने कहाणी सांगितली. बाई मरून कुत्री होते, नवरा बैल होतो आणि दोघं मुलाच्याच घरी येतात. ज्या दिवशी मुलगा आईबापाचं श्राद्ध घालतो, त्याच दिवशी बापाला औताला जुंपून उपाशी ठेवतो. कहाणीत हे सारं विटाळाचं पाप म्हणून येतं. ते मला पटत नाही आणि मावशीलाही नाही. तिने तो भाग दोन वाक्यांत उरकला. पण उपाशी बैलापाशी आली तेव्हा तिचा आवाज जड झाला.

"आणि ट्रॅक्टरनं नांगरलेलं चालतं का गं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. "चालत असंल. पण मग आठवायचं कुणाला?"

दुपारी गणपतीच्या देवळाकडे गेलो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी 1779 मध्ये बांधायला घेतलेलं हे देऊळ त्यांच्या मुलाने, आप्पांनी, 1799 मध्ये पुरं केलं. भाऊंनी कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत पाहिलेली गोपुरं इथे उतरली आहेत. सात मजल्यांचं असं गोपुर आपल्या मुलखात सहसा दिसत नाही. त्याच्यासमोर रथ उभा होता. केळीचे खुंट, नवसाच्या नारळांची तोरणं आणि पुढे दोन लांब, जाडजूड दोर. बैल नव्हते. हा रथ माणसं ओढतात.

मीही दोर धरला. काथ्या तळहाताला रुतला, पायाखाली चिखल, पुढच्याचा खांदा माझ्या छातीला टेकलेला. "मंगलमूर्ती मोरया!" झालं आणि दोर एकदम ताठला. क्षणभर काहीच हललं नाही. मग मागून चाकांचा दबका आवाज आला आणि शेकडो माणसं एकाच वेळी एक पाऊल पुढे सरकली. रथावरून गुलाल आणि पेढे उधळले जात होते. गणपती वडिलांच्या भेटीला काशीविश्वेश्वराकडे जातो अशी इथली श्रद्धा. तिथे दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होतं आणि रथ पुन्हा ओढत माघारी आणतात.

भाजीचा आणि या दोराचा संबंध कुणी सांगितला नाही, मीच जोडला. एकीकडे घरात बैलाच्या घामाचं काही शिजत नाही, दुसरीकडे रस्त्यावर त्याचं ओझं माणसं खांद्यावर घेतात. एका दिवसापुरतं का होईना, गाव बैलाच्या जागी उभं राहतं. मला हा दिवस त्यासाठी आवडला.

संध्याकाळी घरी आलो तर मावशी परसात होती. भोपळ्याच्या साली नि कणसांची सोलपटं पाटीत भरून ती शेजारच्या गोठ्याकडे निघाली होती. बेंदराला रंगवलेली शिंगं अजून थोडी लाल होती. बैलाने मान पुढे केली. तिने पाटी खाली ठेवली, त्याच्या वशिंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हात दाखव बघू. फोड आला की रे!"